कृष्णकांत दिघ्यांची दाढी

काही वर्षांपूर्वी पनवेलच्या एसटी स्टँडवर ज्यांनी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांनी कृष्णकांत दिघ्यांचा आवाज नक्की ऐकला असेल. माणूस पाहिला असेलच असं नाही. ते वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीआड बसून लाउडस्पीकरवरून, पेणची गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे हे ते अशा खणखणीत आवाजात सांगायचे की बाकावर डुलक्या काढणारा माणूसही पिशवी उचलून उभा राहायचा. घरीही तसेच. लाईन आळीतल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये सकाळी दाढी करता करता चाललेली बडबड खालच्या जिन्यापर्यंत ऐकू यायची. बायको सुमती बालवाडीत शिकवायची. ती म्हणायची, ‘माझ्या वर्गातली सगळी पोरं परवडली, हे एकटे नकोत.’

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गप्प झाले.

सुरुवात तोंड धुताना झाली. ओला हात उजव्या गालावरून फिरवला आणि नाकपुडीच्या बाजूपासून वर डोळ्यापर्यंत, खाली दाढेपर्यंत, विजेची उघडी तार टेकवावी तसा झटका बसला. त्यांनी बेसिन घट्ट धरलं. जसा आला तसा तो गेलाही. पण दुपारी पहिला घास चावताना परत आला. दाढ किडली असेल म्हणून ते दाताच्या डॉक्टरकडे गेले. एक दाढ काढली, झटके तसेच. शेजारची काढली, तरी राहिले. पुढे बऱ्याच महिन्यांनी नसांच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. चेहऱ्याची नस मेंदूतून जिथे निघते, तिथेच एक रक्तवाहिनी तिच्यावर टेकली होती आणि प्रत्येक ठोक्याला तिला घासत होती. गालाला काहीच झालेलं नव्हतं. दुखत मात्र गालातच होतं.

गोळ्यांनी आधी आराम पडला. मग गोळ्या वाढवाव्या लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, हात कापू लागले, आणि झटके तरीही परत आले. वारा लागला तरी झटका. ओठ मिटून ‘प’ किंवा ‘म’ म्हणायला गेलं की झटका. पेण, पाली, पोलादपूर, महाड, मुरुड ही गावं ज्या माणसाने आयुष्यभर पुकारली, तो आता घरात ‘पाणी’ म्हणेना. मोबाइलवर दोन शब्द टाइप करून पुढे करी. मे महिन्यातही घरातला पंखा बंद असे. सुमतीताई शेजारच्या खोलीत वहीने वारा घेत बसत, पण पंख्याबद्दल त्या एकदाही काही बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र कृष्णकांतांनी स्वतःच हेरली होती. झटका येऊन गेला की थोडा वेळ, जेमतेम मिनिटभर, गाल निर्धास्त असायचा. तेवढ्यात ते चार घास पटापट गिळून घेत. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे. नस दमलेली असते तेव्हा. पण किती वेळ, ते सांगता येत नाही.”

दाढी करणं बंद झालं ते झालंच. डावीकडची निदान धुतली जायची. उजवीकडच्या केसांना पाणीही लागत नव्हतं, त्यामुळे ते चिकटून त्यांच्या जटा झाल्या होत्या. आळीतल्या लोकांना वाटलं, दिघे अध्यात्माकडे वळले. एकाने तर जिन्यात वाकून नमस्कारही केला.

यंदा जानेवारीत डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन. कानामागे छोटं भोक पाडून आत जायचं, नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये कापसासारखा एक तुकडा ठेवायचा. धोका आहे, पण गुण येण्याची शक्यता चांगली आहे. कृष्णकांतांनी विचारही केला नाही, मान हलवून होकार दिला. शुक्रवार ठरला. गुरुवारी दाखल व्हायचं.

मग भूल देणाऱ्या डॉक्टर आत आल्या. तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी कृष्णकांतांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “काका, ही दाढी काढावी लागेल. मिशीसुद्धा.”

सुमतीताई मध्येच म्हणाल्या, “अहो, त्यांना बोट लावलेलं सहन होत नाही. झोपवल्यावर काढा ना.”

“झोपवताना तोंडावर मास्क लागतो, काकू. तो घट्ट बसला पाहिजे. इतक्या दाट दाढीतून हवा निसटते, आणि तेव्हा श्वास आमच्याच हातात असतो. मी ती जोखीम घेणार नाही. घरी नाहीच जमलं तर इथला आमचा माणूस काढेल वॉर्डमध्ये.”

कृष्णकांतांनी मोबाइल काढला. त्यांनी स्क्रीन डॉक्टरांसमोर धरला. ‘दुसऱ्याचा हात नको. मी करीन.’

गाडीत बसल्यावर सुमतीताई खिडकीच्या काचा वर करत राहिल्या. ज्या दुखण्यातून सुटायचं, त्याच्यासाठी आधी तेच दुखणं अंगावर घ्यायचं होतं. हातात जेमतेम तीन दिवस होते.

संध्याकाळी त्यांची मुलगी रुचिरा खारघरहून आली. कॉलेजच्या ऑफिसात काम करणारी, कुठलंही संकट आलं की आधी काहीतरी विकत आणणारी पोरगी. तिने ट्रिमर आणला होता. “बाबा, पातं लावायचंच नाही. नुसता फिरवायचा.”

तिने तो चालू केला. गालाच्या वीतभर अलीकडे असतानाच त्याच्या गुणगुणण्याने कृष्णकांतांनी डोळे मिटले. टेकला मात्र, आणि त्यांच्या हाताच्या फटक्याने ट्रिमर भिंतीवर जाऊन आपटला. ते पलंगाच्या कडेवर वाकून बसले, तोंड वासलेलं, आवाज नाही, डोळ्यांतून पाणी. रुचिरा हातात वायर धरून तशीच उभी राहिली.

“सॉरी बाबा,” ती रडत म्हणाली. “मला वाटलं...”

त्यांनी डाव्या हाताने तिची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सुमतीताईंनी शिवणाची कात्री घेतली. झटका येऊन गेला की ते बोट वर करत आणि त्या चार बटा कापत. मग थांबायचं. पुढचा झटका जेवताना येई, नाहीतर उगाच येई. दिवसभर असं चाललं. संध्याकाळपर्यंत दाढी अर्ध्या बोटाएवढी उरली, पण ते खुंट राठ होते आणि खाली त्वचेवर साचलेला थर होता. त्याच्यावर कोरडं पातं चालवणं शक्यच नव्हतं. केस आधी भिजायला हवे होते, चांगल्या गरम फेसात, मुळापर्यंत.

रुचिराने डब्यातला फेस सुचवला. बोटाने लावून पाहिला. बोट घसरलं आणि झटका आला.

“ब्रश हवा,” कृष्णकांत ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून म्हणाले. त्या दिवशी बोललेले तेवढेच दोन शब्द.

त्यांचा जुना ब्रश होता. डुकराच्या केसांचा, टोकं झिजून काट्यासारखी झालेली. तो गालाजवळ आणायची सोय नव्हती. सुमतीताई लगेच चप्पल घालून बाहेर पडल्या. टपाल नाक्याजवळ सलूनचं सामान विकणारं एक दुकान आहे, काशिराम नावाच्या गृहस्थाचं. त्यांनी त्याच्याकडचे सगळे ब्रश काढायला लावले आणि एकेक स्वतःच्या गालावर फिरवून पाहिला. गिऱ्हाइकं बघत होती. त्यांना पर्वा नव्हती. शेवटी लांब, विरळ, पांढऱ्या केसांचा एक सापडला. तो गालावरून फिरवला तर मांजराच्या शेपटीसारखा वाटला. फिरतोय की नाही, तेही कळेना.

“याच्यापेक्षा मऊ आख्ख्या पनवेलमध्ये नाही मिळायचा, ताई,” काशिराम म्हणाला.

बुधवारी सकाळी दारं-खिडक्या लावून घेतल्या. सुमतीताईंनी तो ब्रश गरम पाण्यात भिजवला, साबणावर फिरवला आणि श्वास रोखून, अगदी हलक्या हाताने, नवऱ्याच्या उजव्या गालावर टेकवला.

इतका वाईट झटका त्यांनी आजवर पाहिला नव्हता. एक संपतोय तोवर दुसरा, त्याच्या पाठी तिसरा. कृष्णकांत मोरीच्या उंबऱ्यावर गुडघ्यांवर आले. सुमतीताई ब्रश टाकून खाली बसल्या, पण हात कुठे लावावा तेच कळेना. लावला तर आणखी दुखेल, न लावावा तर माणूस समोर तडफडतोय.

सगळं थांबल्यावर त्या म्हणाल्या, “मी सगळ्यात मऊ घेतला होता हो. माझ्या गालावर बघून घेतला होता.”

त्यांनी मान हलवली. मग त्या मोकळ्या मिनिटात, घाईघाईने, पण बऱ्याच दिवसांनी पूर्ण वाक्यात ते बोलले. “तुझी चूक नाही. हलकं लागलं की जास्त होतं. गुदगुली होते ना, तीच नको. टॉवेल दाबून धरला तर चालतो. मला दाबून बसणारा हवा. मऊ हवा, पण लुळा नको.”

“मग चला, तुम्हीच निवडा.”

ते बाहेर पडले तेव्हा उन्हं वर आली होती. कृष्णकांतांनी डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळला होता, उजवीकडे तो हाताने दाबून धरलेला. वडाळे तलावाकडून वारा येत होता म्हणून सुमतीताई त्या बाजूने चालल्या. गोळ्यांमुळे कृष्णकांतांचा तोल जात होता. एकदा मागून रिक्षा अगदी अंगावरून गेली आणि मफलरचं टोक उडून नाकाला लागलं. ते रस्त्याच्या मधोमध थांबले, डोळे घट्ट मिटून. पाठीमागे हॉर्न वाजायला लागले. कोणी ओरडलं, “ओ काका, बाजूला व्हा की!” सुमतीताईंनी दोन्ही हात पसरले आणि गाड्यांसमोर उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी त्या कोणावर ओरडल्या नव्हत्या. “थांबा जरा! दिसत नाही का?”

गाड्या थांबल्या. ते सावरले. दोघं कडेला आले.

दुकानात काशिरामने स्टूल दिलं. कालच्या ब्रशची हकिगत ऐकून तो ओशाळला. त्याने काचेवर ब्रश मांडले. कृष्णकांतांनी आधी फक्त हाताने चाचपून बघितलं. नायलॉनचे दोन बाजूला सारले, टोचत होते. लांब केसांचे सगळे बाजूला सारले. मग मनगटाच्या आतल्या बाजूवर एकेक दाबून पाहायला सुरुवात केली. काही दाबताच फतकल मारत होते आणि त्यांचे बाहेरचे केस त्वचेवर सरपटत होते. तेच त्यांना नको होतं. एकाचे केस आखूड आणि दाट होते. गठ्ठा असा गच्च की बोट आत शिरेना, पण टोकं रेशमासारखी.

“हा कशाचा?” सुमतीताईंनी विचारलं.

“कृत्रिम धागा आहे, ताई. नवीन निघालाय. लोक घेत नाहीत फारसे, त्यांना जनावराच्या केसांचाच हवा असतो.”

कृष्णकांतांनी पाण्याची खूण केली. काशिरामने चहाच्या ग्लासात गरम पाणी आणलं. ब्रश भिजवून, झटकून त्यांनी तो परत मनगटावर दाबला. ओला झाल्यावरही गठ्ठा सुटला नाही. दाबला की सगळी टोकं एकदम बसत होती आणि उचलला की एकदम सुटत होती. मग त्यांनी मफलर सोडला.

“आता नको,” सुमतीताई म्हणाल्या. “इथे नको हो. घरी बघू.”

त्यांनी ऐकलं नाही. घरी जाऊन हाही फसला तर पुन्हा दुकानात यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. डाव्या गालावर एकदा दाबून त्यांनी अंदाज घेतला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बोलायची थांबली. कृष्णकांतांनी डोळे मिटले, ब्रश उजव्या गालावर, कानाच्या थोडा अलीकडे, सरळ दाबला. धरून ठेवला. सरळ उचलला.

काही झालं नाही.

आणखी थोडा पुढे दाबला. उचलला. काही नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा काशिरामनेही श्वास सोडला. नाकाजवळ मात्र ते गेले नाहीत. ती जागा कशी आहे ते त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारपर्यंत हॉस्पिटलात पोचायचं होतं. सकाळी बेसिनसमोर खुर्ची ठेवली, रुचिराला मोबाइल बंद करून बाहेरच्या खोलीत बसवलं. डावी बाजू कृष्णकांतांनी स्वतःच केली. हात कापत होता, कानाजवळ छोटीशी जखम झाली, पण झाली. मग उजवी. फेस वाटीत घोटून घेतला होता. ब्रश भरून घ्यायचा, दाबायचा, उचलायचा, पुढे सरकायचं. कुठेही घासायचं नाही. कानापासून जबड्यापर्यंत, जबड्यापासून हनुवटीपर्यंत. फेस मुरू दिला. पुन्हा भरला, पुन्हा दाबला. फेस लावायची उरली होती मिशी आणि नाकाच्या बाजूची बोटभर जागा.

“तिथे होणार,” ते म्हणाले. “झालं की मिनिटभर मिळेल. माझ्याच्याने पातं धरवणार नाही तेव्हा. तू कर.”

सुमतीताईंनी आयुष्यात कोणाची दाढी केली नव्हती. “रुचिराला बोलावू?”

“नको. तूच.”

कृष्णकांतांनी ब्रश भरला आणि नाकाजवळ दाबला.

झटका आला. ब्रश सोडून दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे पकडले, मान ताठ झाली, उजवा डोळा आणि गाल एकत्र ओढला गेला. सुमतीताई पातं हातात घेऊन वाट पाहत राहिल्या. याआधी प्रत्येक वेळी त्यांनी तोंड फिरवलं होतं, आज बघतच राहणं भाग होतं. केव्हा संपतोय ते बघायला हवं होतं. डोळा सैल झाला. बोट वर आलं.

त्यांनी पातं लावलं. कानापासून खाली पहिली ओढ घेतली आणि भिजलेले केस फेसासकट अलगद निघून आले, खाली नितळ कातडी दिसली. दुसरी ओढ. तिसरी. पातं धुवायला वेळ नव्हता, टॉवेललाच पुसत होत्या. हनुवटीचं वळण आलं, तिथे थोडं रक्त आलं, त्या थांबल्या नाहीत. गाल झाला. वरचा ओठ अर्धा झाला. इतक्यात त्यांना उजव्या पापणीच्या कडेला बारीकसं फडफडताना दिसलं.

त्यांनी पातं उचललं. उचललं नसतं तर ओठ चिरला असता, कारण दुसऱ्याच क्षणी कृष्णकांतांचं डोकं मागे आपटलं.

बाहेरून रुचिरा घाबरून म्हणाली, “आई? काय झालं?”

“काही नाही. बस तू तिथेच.”

स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. हा झटका लांबला. डोळा सैल झाला, बोट वर आलं, आणि उरलेली अर्धी मिशी त्यांनी तीन ओढींत काढली. पातं बेसिनमध्ये टाकलं, गरम टॉवेल घेतला आणि गालावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. कृष्णकांतांचं डोकं त्यांच्या पोटाशी टेकलं होतं. दोघंही धापा टाकत होते.

टॉवेल काढला तेव्हा त्या बघतच राहिल्या. लग्नातही कृष्णकांतांना मिशी होती. त्यांचा वरचा ओठ सुमतीताईंनी कधी पाहिलाच नव्हता. तो बारीक होता, मधोमध थोडा वर उचललेला, रुचिराच्या ओठासारखा हुबेहूब.

“अगो बाई,” त्या म्हणाल्या, “हा ओठ तुमचा होय? मी आजवर तिच्या आत्याला दोष देत होते.”

कृष्णकांतांना हसायची भीती वाटत होती. डोळ्यांनी हसले.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा जास्त लांबलं. रुचिरा कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होती, सुमतीताई एका जागी बसून होत्या. दुपारी सर्जन बाहेर आले, म्हणाले, रक्तवाहिनी नसेला अगदी रुतून बसली होती, सोडवायला वेळ लागला, पण सुटली. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात त्यांना भेटायला सोडलं. कृष्णकांतांच्या डोक्याला पट्टी होती, चेहरा सुजलेला. सुमतीताईंना पाहिल्यावर त्यांनी उजवा हात हळू वर नेला. बोट नाकपुडीच्या बाजूला टेकवलं. मग घासलं. मग पुन्हा घासलं.

“पाणी,” ते म्हणाले. अगदी मोठ्याने. नर्सने मान वळवून पाहिलं.

सगळंच काही चांगलं झालं नाही. उजव्या कानाने ऐकू येणं कमी झालं. नाकाशेजारची थोडी जागा बधिरच राहिली, जेवताना तिथे कण लागला तर त्यांना कळत नाही, सुमतीताई खूण करतात. पण गोळ्या हळूहळू सुटल्या, तोल परत आला. रोज सकाळी ते दाढी करतात, काशिरामकडच्याच ब्रशने, आणि आता घासून फेस करतात. मिशी मात्र पुन्हा ठेवली नाही.

यंदाच, पावसाळ्याच्या आधी, ते काही कामासाठी एसटी स्टँडवर गेले होते. उरणच्या गाडीच्या बाकावर एक कोळीण बसली होती, साठीच्या आसपासची. पदर उजव्या गालावर घट्ट दाबलेला, मान जराही हलत नाही, शेजारी बसलेला मुलगा काही विचारतोय तर नुसतं बोट हलवून उत्तर. कृष्णकांत पुढे गेले होते, ते परत फिरले.

“दाढ दुखते का?” त्यांनी मुलाला विचारलं.

“हाय ना,” मुलगा म्हणाला. “येक काडली, तरी आय रडतेच. आज दुसरी काडाला आणलीवती, डाक्टर नाय भेटला. उद्या येनार परत.”

“दुखतं ते सारखं दुखतं, की झटका येतो आणि जातो?”

बाईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. पदर तसाच दाबून, ओठ न हलवता, ती म्हणाली, “तुमाला कसा ठावं?”

ते शेजारी बसले. आपलं सगळं सांगितलं, दाढा काढल्यापासून कानामागच्या व्रणापर्यंत. व्रण वळून दाखवला. दुसरी दाढ काढायच्या आधी एकदा नसांच्या डॉक्टरला दाखवा, एवढंच परत परत सांगितलं. मुलाने, शैलेशने, हॉस्पिटलचं नाव मोबाइलमध्ये घातलं. तेवढ्यात गाडी लागली. बाई उठली, दोन पावलं गेली, आणि थांबली.

“वारा लागतो तुमाला आता? गालाव?”

“लागतो,” कृष्णकांत म्हणाले. “थंड लागतो.”

ती पदर धरून, मान सांभाळत, गाडीच्या पायऱ्या चढली. पुढे ते लोक डॉक्टरकडे गेले की नाही, हे दिघ्यांना कळलेलं नाही.